ओढतो कोण?

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)

इंग्रजीतलं 'अट्रॅक्ट' हे क्रियापद इतकं ओळखीचं आहे की त्याचा अर्थ कोणी शब्दकोशात बघायला जात नाही. लोहचुंबक टाचणीला 'अट्रॅक्ट' करतो, फूल मधमाशीला करतं, सवलतीचा फलक गिऱ्हाइकाला करतो आणि एक माणूस दुसऱ्या माणसाला. मराठीत आपण या सगळ्या ठिकाणी 'आकर्षित करणे' लिहितो आणि पुढे जातो. आज मला तिथे जरा थांबायचं आहे, कारण या वाक्यांत एक चमत्कारिक गोष्ट दडलेली आहे. फूल फांदीवर जागच्या जागी असतं. पंख मारते ती मधमाशी, वाट शोधते ती मधमाशी. तरी वाक्यात कर्ता फूल आणि मधमाशी नुसती कर्म! फलक तर भिंतीला टांगलेला असतो. रस्ता ओलांडून दुकानात शिरतो गिऱ्हाईक. पण व्याकरण म्हणतं, काम केलं ते फलकाने.

फुलापुरतं हे गमतीचं आहे. माणसांच्या बाबतीत ते तितकं गमतीचं राहत नाही, कारण तिथे कर्ता कोण या प्रश्नाच्या मागोमाग जबाबदार कोण हा प्रश्न येतोच. हा प्रश्न माझ्याच डोक्यात आला असंही नाही. वैद्य, भौतिकशास्त्रज्ञ आणि न्यायाधीश यांनी आपापल्या काळात या एका क्रियापदावरून वाद घातले आहेत.

शब्द मुळात लॅटिन. 'त्राहेरे' म्हणजे ओढणं, फरफटत नेणं. त्याला 'कडे' या अर्थाचा 'आद्' जोडला की 'आत्त्राहेरे', आपल्याकडे ओढून घेणं. या 'त्राहेरे'चं गोत मोठं आहे. शेतातला ट्रॅक्टर त्यातलाच. दोन पक्षांना एकत्र ओढून बांधतो तो काँट्रॅक्ट, पिळून बाहेर काढतात तो एक्स्ट्रॅक्ट, चित्त भलतीकडे ओढतं ते डिस्ट्रॅक्शन. भिंतीवरचं पोर्ट्रेटसुद्धा याच घरातलं, कारण रेघही ओढावीच लागते. आपला 'आकर्षण' हा शब्दही अगदी याच बांध्याचा आहे. संस्कृतातल्या 'कृष्' धातूचा अर्थ ओढणं, नांगर ओढणं. 'कृषी' त्यातूनच आली. म्हणजे तिकडे ट्रॅक्टर आणि अट्रॅक्शन, इकडे कृषी आणि आकर्षण! दोन्ही जोड्या शेतातच जाऊन भेटतात.

इंग्रजीत हा शब्द आला तो मात्र प्रेमिकांच्या तोंडून नव्हे, वैद्यांच्या. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात गेलन नावाच्या ग्रीक वैद्याने असं मांडलं होतं की शरीराच्या प्रत्येक अवयवाला चार नैसर्गिक शक्ती असतात: हवं ते ओढून घेण्याची, ते धरून ठेवण्याची, त्यात बदल घडवण्याची आणि नको ते बाहेर टाकण्याची. मूत्रपिंड रक्तातून मूत्र ओढून घेतं ते पहिल्या शक्तीने. ओढ अशी काही नसतेच म्हणणाऱ्यांना गप्प करायला गेलनने लोहचुंबकाचा दाखला दिला होता. पुढे तेराशे वर्षं युरोपचं वैद्यक गेलनच्या पोथीवर चाललं, आणि चौदाव्या-पंधराव्या शतकांत ती विद्या इंग्रजीत उतरली तेव्हा ओढून घेण्याच्या शक्तीबरोबर हा शब्दही आला. गळवावर बांधलेलं पोटीस पू 'अट्रॅक्ट' करतं, हा तेव्हाचा अगदी सरळ प्रयोग. आपल्याकडेही जुन्या बायका अळशीचं पोटीस बांधून 'आता हे सगळं ओढून काढेल' असंच म्हणायच्या. त्या काळच्या इंग्रजीत 'अट्रॅक्टिव्ह' म्हणजे शोषून घेणारं. एखाद्या तरुणीला कोणी तसं म्हटलं असतं तर ती बिचारी गोंधळली असती. माणसांच्या संदर्भात हा शब्द रुळला तो सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात.

आणि मग १६०० साल उजाडलं. त्या वर्षी लंडनमध्ये लोहचुंबकावरचा एक लॅटिन ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याचा लेखक विल्यम गिल्बर्ट हा पुन्हा वैद्यच. पुढे एलिझाबेथ राणीच्या दरबारी वैद्य म्हणून त्याची नेमणूक झाली. पृथ्वी स्वतःच एक प्रचंड लोहचुंबक आहे असं सांगणारा म्हणून आपण त्याला ओळखतो. त्याच्या काळापर्यंत चुंबकाविषयी वाटेल त्या गोष्टी खपत. लसूण चोळला की चुंबकाचं बळ जातं, ही त्यातली एक. इटलीत देल्ला पोर्ता नावाच्या गृहस्थाने लसूण खाऊन चुंबकावर चक्क ढेकर देऊन पाहिले होते. चुंबकाला काही झालं नाही.

मला गिल्बर्ट आवडतो तो दुसऱ्याच कारणासाठी. चुंबकाच्या बाबतीत 'आकर्षण' हा शब्द वापरायला त्याची हरकत होती. त्याचं म्हणणं असं, की आकर्षण म्हटलं की एक ओढणारा आणि एक ओढला जाणारा आला, त्यात जबरदस्ती आली. चुंबक आणि लोखंड यांच्यात तसं काही नसतं, ते दोघंही एकमेकांकडे येतात. म्हणून त्याने त्यासाठी 'कोइतिओ' हा शब्द पुढे केला. 'को' म्हणजे सह आणि 'इतिओ' म्हणजे जाणं, तेव्हा मराठीत त्याला सहगमन किंवा समागम म्हणता येईल. घासलेला अंबर काडीकचरा ओढून घेतो त्याला मात्र आकर्षण म्हणायला त्याची ना नव्हती.

शब्द चांगला होता, पण टिकला नाही. 'कोइतिओ'वरून आलेला 'कोइशन' हा शब्द सतराव्या शतकात इंग्रजीने स्त्री-पुरुषांच्या शरीरसंबंधासाठी उचलला आणि तो तिथेच राहिला. दोन्ही बाजूंची हालचाल सांगणारा शब्द शेजघरात गेला आणि एकानेच ओढायचा शब्द बाहेर जगभर झाला. योगायोग असा की गिल्बर्टच्या ग्रंथाच्याच सुमारास शेक्सपिअरने 'हॅम्लेट' लिहिलं. त्यात नाटकाचा खेळ सुरू होण्याआधी हॅम्लेट आईशेजारी न बसता ऑफिलियाकडे वळतो, तेव्हा त्याच्या तोंडी हीच चुंबकाची उपमा आहे. ओढणारा धातू ऑफिलिया. ती बिचारी नुसती बसलेली आहे, उठून गेला तो हॅम्लेट.

यानंतर शब्द आकाशात गेला. १६८७ साली न्यूटनचा 'प्रिन्सिपिया' प्रसिद्ध झाला आणि त्याच्यावर सगळ्यात मोठा आक्षेप आला तो याच शब्दावरून. सूर्य कोट्यवधी मैलांवरून, मध्ये दोरी नाही, साखळी नाही, तरी पृथ्वीला ओढतो म्हणजे काय? जर्मनीत लायबनित्झ म्हणाला, ही तर पुन्हा जुन्या पंडितांची गूढ शक्ती. हॉलंडच्या हायगेन्सलाही ही कल्पना पटली नाही. न्यूटन मोठा सावध माणूस. ग्रंथाच्या सुरुवातीच्या व्याख्यांतच त्याने बजावून ठेवलं होतं की आकर्षण, रेटा वगैरे शब्द मी गणितापुरते वापरतो आहे, खरोखर कोण ओढतं, कशाने ओढतं, याबद्दल मी बोलत नाही. १६९३ साली बेंटली नावाच्या धर्मपंडिताला लिहिलेल्या पत्रात तर तो आणखी पुढे गेला. मध्ये काहीही नसताना एक वस्तू दुसरीवर दुरून काम करते, ही कल्पना त्याने त्या पत्रात सरळ मूर्खपणाची ठरवली. म्हणजे ज्याच्या नावाने हा शब्द शाळाशाळांत घोकला जातो, त्याचाच त्याच्यावर पुरता विश्वास नव्हता. व्हॉल्टेअर १७२६ ते १७२८ इंग्लंडमध्ये राहिला आणि १७३३ साली त्याची इंग्लंडविषयीची पत्रं प्रसिद्ध झाली. त्यातलं एक अख्खं पत्र आकर्षणावर आहे. एका शब्दावरून पॅरिस आणि लंडन अशी दोन वेगळी जगं झाली आहेत, याची त्याने भरपूर थट्टा केली.

न्यूटनच्या हिशेबात मात्र एक गोष्ट गिल्बर्टसारखीच होती. सफरचंद पृथ्वीकडे येतं तेव्हा पृथ्वीही सफरचंदाकडे जाते, फक्त तिचं जाणं मोजता येणार नाही इतकं थोडं असतं. ओढ दोन्हीकडून आणि सारखीच. आपल्याकडे भास्कराचार्यांनी ११५० सालच्या 'सिद्धान्तशिरोमणी'त पृथ्वीच्या आकृष्टिशक्तीचा उल्लेख केला आहे, आणि त्यावरून न्यूटनच्या आधी आम्हीच, असं छाती पुढे काढून सांगणारे बरेच भेटतात. भास्कराचार्य थोरच होते, त्यासाठी त्यांना न्यूटनच्या पंगतीत बसवण्याची गरज नाही. त्यांच्या मांडणीत पृथ्वी ओढते आणि जड वस्तू ओढली जाते, एवढंच आहे. उलट बाजूची ओढ आणि अंतराचं गणित, ही न्यूटनची भर.

पुढची शंभर वर्षं भराभर सांगतो. रसायनशास्त्रज्ञांनी शब्द उचलला. स्वीडनच्या बर्गमन यांनी १७७५ मध्ये कोणतं द्रव्य कोणत्या द्रव्याला सोडून तिसऱ्याला जाऊन मिळतं याचे तक्ते केले आणि त्याला निवडक आकर्षण म्हटलं. जर्मन महाकवी गोएथेने त्यावरूनच नाव घेऊन १८०९ साली एक कादंबरी लिहिली. तिच्यात एक सुखवस्तू जोडपं घरी दोन पाहुणे ठेवून घेतं आणि ही चार माणसं त्या द्रव्यांसारखी जोड्या बदलू लागतात. मेस्मर नावाच्या वैद्याने माणसाच्या अंगातही चुंबकत्व असतं म्हणून पॅरिसभर धुमाकूळ घातला आणि १७८४ साली फ्रँकलिन, लाव्हाझिए यांच्या समितीने ते सगळं कल्पनेचं काम म्हणून निकालात काढलं. तरी 'मॅग्नेटिक पर्सनॅलिटी' आपल्या वर्तमानपत्रांतून अजून गेलेली नाही. एकोणिसाव्या शतकात खेळ-तमाशे 'अट्रॅक्शन' झाले, आणि आज पर्यटनाच्या पत्रकांत प्रत्येक धबधबा ते असतो.

आता न्यायालयात चलू, कारण तिथे या क्रियापदाची किंमत लोकांनी खरोखर मोजली आहे.

अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात रेल्वेचं इंजिन फिरवायचं एक मोठं चक्र उघड्यावर, बिनकुलपाचं पडलेलं होतं. पोरं त्यावर खेळायची. एका सहा वर्षांच्या मुलाचा पाय त्यात सापडून चिरडला. कंपनी म्हणाली, मुलगा आमच्या हद्दीत विनापरवाना शिरला, आमचा काय संबंध? १८७३ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मुलाच्या बाजूने दिलेला निकाल कायम ठेवला. अशा खटल्यांतून एक तत्त्व तयार झालं. मुलांना ओढून घेईल अशी धोकादायक वस्तू उघड्यावर ठेवणाऱ्याने जबाबदारी घ्यायची, कारण लहान मूल विचार करून पाऊल टाकत नाही. त्याला 'अट्रॅक्टिव्ह न्यूसन्स' असं नाव पडलं. 'आकर्षक उपद्रव' म्हणा हवं तर. इथे ते व्याकरण न्याय्यच आहे. सहा वर्षांच्या पोराला चक्र खरोखरच ओढतं.

पण शब्दाला धरून बसलं की काय होतं तेही पाहा. कॅन्सस राज्यात सल्फ्युरिक अ‍ॅसिडचा एक कारखाना १९१० मध्ये पाडला गेला आणि त्याच्या जागी एका खड्ड्यात पाणी साठलं. पाणी दिसायला नितळ होतं, पण अ‍ॅसिड आणि झिंक सल्फेटने विषारी झालेलं. एक कुटुंब जवळच तंबू ठोकून उतरलं होतं. त्यातली आठ आणि अकरा वर्षांची दोन मुलं त्या पाण्यात उतरली आणि मेली. खटला सर्वोच्च न्यायालयात गेला. १९२२ साली न्यायमूर्ती होम्स यांनी बहुमताचा निकाल लिहिला. त्यातला कळीचा मुद्दा असा, की ते पाणी रस्त्यावरून दिसत नव्हतं, म्हणजे मुलांना त्या जमिनीवर पाण्याने 'अट्रॅक्ट' केलेलं नव्हतं. ती आधी आत आली आणि मग त्यांना पाणी दिसलं. म्हणून कंपनी जबाबदार नाही. तीन न्यायमूर्तींनी विरोधी मत दिलं. होम्स विद्वान म्हणून जगन्मान्य, पण हा निकाल मला नेहमी भाषेच्या आहारी गेलेल्या माणसाचा वाटतो. मुलं मेली, आणि प्रश्न उरला तो क्रियापद लागू पडतं की नाही, एवढाच. पुढे १९३४ साली अमेरिकन कायदेपंडितांनी नुकसानभरपाईच्या नियमांची जी संहिता केली, तिच्यात हे 'ओढलं गेलं पाहिजे' काढूनच टाकलं. मुलं तिथे येतील याची कल्पना मालकाला होती का, असायला हवी होती का, एवढंच बघायचं ठरलं. कायद्याने क्रियापद सोडून दिलं आणि मुलांचं भलं झालं.

लहान मुलांसाठी केलेली ही सवलत प्रौढ पुरुषांनीही स्वतःसाठी घ्यायची म्हटलं, तर? केरळमध्ये २०२२ साली लैंगिक छळाच्या एका प्रकरणात आरोपीला अटकपूर्व जामीन देताना सत्र न्यायालयाने तक्रारदार स्त्रीच्या कपड्यांवर बोट ठेवलं. ते चिथावणारे होते, म्हणून ते कलम प्रथमदर्शनी टिकत नाही, असा शेरा मारला. त्याच वर्षी केरळ उच्च न्यायालयाने जामीन कायम ठेवला, पण तो शेरा वगळला. 'चिथावणारे कपडे' या शब्दप्रयोगाची घडण बघा. कपड्यांना क्रियापद मिळालं, आणि ज्याने काही केल्याची तक्रार होती तो वाक्यात उरलाच नाही. आपल्या न्यायालयांच्या इंग्रजीत आणखी एक लकब आहे. तिथे कलम 'लागू होतं' असं न म्हणता 'इज अट्रॅक्टेड' म्हणतात, म्हणजे गुन्ह्याने कलमाला ओढून घेतलं. निदान त्या वाक्यात तरी ओढणारा गुन्हा असतो, हे बरं.

मानसशास्त्रज्ञांचा एक प्रयोग इथे सांगण्यासारखा आहे. कॅनडात व्हँकुव्हरजवळ कॅपिलानो नदीवर एक झुलता पूल आहे, अरुंद, हलणारा आणि खाली खोल दरी. डटन आणि एरन या संशोधकांनी १९७४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एक तरुणी या पुलावरून येणाऱ्या पुरुषांना प्रश्न विचारी आणि शेवटी आपला फोन नंबर देई. जवळच्याच एका भक्कम, कमी उंचीच्या पुलावरही तेच केलं. झुलत्या पुलावरच्या पुरुषांनी तिला नंतर जास्त प्रमाणात फोन केले. संशोधकांचा निष्कर्ष असा, की भीतीने वाढलेली छातीची धडधड त्या पुरुषांनी तिच्या खात्यावर जमा केली. या प्रयोगावर नंतर टीकाही झाली, मतभेद आहेत. पण तरुणी तिथेही होती आणि इथेही होती. बदलला तो पूल, आणि धडधड होती पुरुषांच्याच छातीत.

मग मराठीत काय करायचं? सगळीकडे 'आकर्षित' चिकटवू नये, एवढं तरी करता येईल. गूळ माशांना 'आकर्षित' करत नाही, गुळावर माशा बसतात. उशिरा भरलेल्या कराला दंड 'आकर्षित' होत नाही, दंड लागतो. राज्याने गुंतवणूक 'आकर्षित केली' या वाक्यापेक्षा राज्यात गुंतवणूक आली हे जास्त खरं असतं, आणि कधी कधी ते वाक्य लिहिताच येत नाही, कारण ती आलेली नसते. इंग्रजीत हेतू दाखवायला 'ल्युअर' आहे, तो ससाणा पाळणाऱ्यांच्या पिसांच्या आमिषातून आलेला. 'एन्टाइस' आहे, त्याच्या मुळाशी पेटतं लाकूड आहे. 'अट्रॅक्ट'मध्ये हेतू असावाच लागत नाही, ही त्याची सोय आणि हाच त्याचा घोळ.

मराठी अगदी सोवळी आहे असं मी म्हणणार नाही. 'ती मला आवडते' या वाक्यात आवडण्याचं काम होतं माझ्या मनात, क्रियापद मात्र 'ती'च्या मागे चालतं. पण आपल्याकडे 'ओढ' आहे. 'मला तिची ओढ लागली' म्हणताना दोरीचं टोक माझ्याच हातात असतं. आणि 'भुरळ' आहे. तिने भुरळ घातली असंही म्हणता येतं आणि मला भुरळ पडली असंही. घातली म्हणायचं, तर ती घालायला ती आली होती का, हे आधी विचारावं लागतं. बहुतेक वेळा ती आपल्या बसची वाट बघत उभी असते.